विश्लेषण : धरणाच्या खोल पाण्यात मासा नेमका कुठे असतो?

गंगापूर, दारणा, मुकणे, ऊर्ध्व वैतरणा... नाशिक जिल्ह्यातील ही धरणे बहुतेकांना पिण्याचे पाणी, शेतीची आवर्तने आणि टक्केवारीच्या बातम्यांमुळे माहीत असतात. याच जलाशयांवर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांसमोर मात्र वेगळा प्रश्न असतो. काठापासून दूर, खोल पाण्यात जाळे किती हातांवर सोडायचे? अंदाज चुकला तर रात्रभराची मेहनत आणि डिझेल दोन्ही वाया जाते. खोल पाण्यातील या मासेमारीमागचे विज्ञान काय आहे, याविषयी...

पाणी खोल, तिथे मासे जास्त, असे का नाही?

माशाला तीन गोष्टी लागतात : खाद्य, प्राणवायू आणि सोसेल असे तापमान. जलाशयातील खाद्याची सुरुवात सूक्ष्म वनस्पतींपासून, म्हणजे वनस्पती प्लवंगांपासून होते. त्यांना सूर्यप्रकाश हवा. प्रकाश वरच्या काही मीटरपर्यंतच पोहोचतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तर त्याहून कमी. प्लवंग वर, म्हणून त्यांवर जगणारे सूक्ष्म प्राणी वर, आणि त्यांना खाणारे मासेही वरच.

तळाशी उलटे घडते. पुरासोबत आलेला पालापाचोळा, मेलेले जीव तिथे साचतात आणि कुजताना प्राणवायू वापरून टाकतात. प्रकाश नसल्याने नवा प्राणवायू तयार होत नाही. त्यामुळे ३० मीटर खोल पाण्यातही मासे बहुधा वरच्या भागात फिरत असतात आणि खालचे पाणी जवळजवळ रिकामे असू शकते.

पाण्याचे थर कसे पडतात?

उन्हाने वरचे पाणी तापते, हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. या दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर असतो. तिथे थोडे खाली गेले तरी तापमान झपाट्याने उतरते. पोहताना पाय अचानक गार पाण्यात जातात, तो अनुभव याच थराचा. वारा वरचे पाणी ढवळतो, पण हा थर ओलांडून प्राणवायू खाली पोहोचत नाही.

उष्ण प्रदेशात तापमानातला लहान फरकही पुरेसा ठरतो. ४ अंशांवरून ५ अंशांवर जाताना पाण्याच्या घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक २९ वरून ३० अंशांवर जाताना पडतो. तरीही भारतातील सगळ्या धरणांत असे ठळक थर दिसत नाहीत. व्ही. व्ही. सुगुणन यांनी भारतीय जलाशयांतील मत्स्यव्यवसायावर लिहिलेला ग्रंथ जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. द्वीपकल्पातील अनेक जलाशयांत वारा आणि खालच्या दारांतून सुटणारे पाणी यांमुळे थर टिकत नाहीत, असे त्यातून दिसते. पैठणच्या जायकवाडीसारख्या पसरट, उथळ जलाशयात वारा जे सहज करतो, ते डोंगरांच्या कुशीतल्या खोल जलाशयात अवघड असते.

नाशिकमध्ये ऋतूनुसार काय बदलते?

मार्च ते मे या काळात थर पडण्याची शक्यता सर्वाधिक. जूननंतर पुराचे गार, गढूळ पाणी शिरते आणि सगळे ढवळून निघते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात नीचांकी जातो, तेव्हा जलाशयाचा पृष्ठभागही रात्री थंड होतो. ते जड झालेले पाणी खाली बसते आणि वरखाली मिसळण होते. अशा वेळी मासे खोलवरही जाऊ शकतात.

त्यात पाणीवाटपाची भर पडते. जायकवाडीत पाण्याची तूट असेल तर समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडले जाते. पातळी झरझर उतरली की काठालगतचे उथळ, खाद्याने भरलेले पाणी कोरडे पडते आणि मासे उरलेल्या पाण्यात एकवटतात. सुरुवातीला जाळी भरतात. पण हा साठा वाढलेला नसतो, तो फक्त दाटलेला असतो.

कोणता मासा कोणत्या थरात?

कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळचे प्राणी प्लवंग खातो. रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाचा गाळ उकरतो. वाम, मरळ असे शिकारी मासे दगड, झुडपे, बुडालेल्या झाडांचे बुंधे यांच्या आडोशाने राहतात. मोकळ्या खोल पाण्यात म्हणूनच मुख्य आशा कटल्याची.

मात्र कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत. त्यांना वाहते पुराचे पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. धरणात दरवर्षी सोडली जाणारी बोटुकली त्याच तंत्राची देणगी. म्हणजे मोकळ्या पाण्यातला कटला बहुतेक वेळा कुणीतरी सोडलेला असतो.

जाळ्याची खोली कशी ठरते?

खोल पाण्यात फेकजाळे उपयोगाचे नाही. तिथे गिलनेट, म्हणजे माशाच्या कल्ल्यात अडकणारे जाळे, संध्याकाळी लावून पहाटे उचलतात. वरच्या दोरीला तरंगणारी बुचे, खालच्या दोरीला वजन. बुचांची दोरी लांबवली की तेच जाळे काही मीटर खाली उभे राहते. एका रात्री दोन-तीन खोलींवर जाळी लावून कुठे मासा लागला हे पाहणे, ही जुनी आणि खात्रीची पद्धत.

आता मोबाइलला जोडता येणारी लहान सोनार यंत्रेही मिळतात. ती ध्वनिलहरींनी तळ, माशांचे थवे आणि कधी कधी तापमान बदलाचा थरही दाखवतात. बुडालेले बुंधेही दिसतात, त्यामुळे जाळी फाटणे टळते.

उत्तर अमेरिकेत मस्की या मोठ्या शिकारी माशामागे जाणाऱ्या गळवाल्यांचा अनुभवही हेच सांगतो. हा मासा काठच्या पाणवनस्पतींत दबा धरणारा म्हणून ओळखला जाई. पण मोठ्या सरोवरांत तो उन्हाळ्यात लहान चंदेरी माशांच्या थव्यांमागे खोल, मोकळ्या पाण्यात जातो. तिथेही तो तळाशी नसतो, थव्याच्या खोलीवर असतो. गळ तळापर्यंत सोडणारा त्याच्या खालून निघून जातो.

थर उलटला तर धोका कोणाला?

दीर्घ ढगाळ हवामान, जोराचा वारा किंवा पहिला मोठा पूर यांनी खालचे प्राणवायूविरहित पाणी एकदम वर आले तर मासे गुदमरतात. मोकळे मासे दूर पळू शकतात. जलाशयातील पिंजऱ्यात वाढवलेल्या माशांना ती सोय नसते. काही तासांत वर्षाची गुंतवणूक जाऊ शकते. पहाटे प्राणवायू सर्वात कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागले, तर ती धोक्याची पहिली खूण.

खोल पाणी सगळ्या माशांना मानवते का?

नाही. महाशीरला वीण करण्यासाठी स्वच्छ, वाहते पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा इगतपुरीजवळ धरणात अडते. पुढे पालघर जिल्ह्यात वाड्याजवळच्या तिळसे येथे शिवमंदिरालगतच्या डोहात महाशीर श्रद्धेने राखले जातात. लोणावळ्याला टाटा कंपनीने १९७०च्या दशकापासून महाशीरचे बीज तयार केले. पण बीज सोडले तरी नदीचा प्रवाह परत येत नाही.

पुढे काय?

खोली ओळखून जाळे लावले तर कमी फेऱ्यांत मासा मिळतो आणि रात्री खोल पाण्यातला धोकाही कमी होतो. जीवरक्षक जॅकेट मात्र तरीही हवेच. उन्हाळ्यात पातळी उतरल्यावर लहान आसाच्या जाळ्यांनी दाटलेली बोटुकली उपसली, तर पुढच्या हंगामात जाळे कोणत्याही थरात सोडले तरी हाती काही लागणार नाही.