पाकातले लिंबू

गेल्या संक्रांतीच्या तोंडावर भाईंदर पूर्वेच्या नवघरात, आमच्या ओळखीच्या दोन घरांत एकाच आठवड्यात दोन पाक बिघडले. पहिल्या घरातल्या काकूंनी नातवाच्या बोरन्हाणासाठी काटेरी हलवा करायला घेतला होता. मंद आचेवर परात, परातीत खसखस, तिच्यावर चमच्याने थोडा थोडा पाक आणि सतत फिरणारी बोटे. तीन दिवस त्या बसल्या. दाणे फुगले, पण काटा काही उठेना. हलवा गुळगुळीत आणि चिकट झाला, डब्यात भरला तर त्याचा एकच गोळा.

दुसऱ्या घरातली मुलगी नववीत शिकते. हातांवरचे केस काढण्यासाठी घरच्या घरी साखरेचे ‘वॅक्स’ करावे म्हणून तिने साखर, पाणी आणि लिंबू घेऊन पाक केला. तो गार होताच पांढरा, रवाळ झाला. तिच्या भाषेत, ‘परत साखरच झाली.’ तिने पातेले पुन्हा गॅसवर चढवले, पाक पातळ झाल्याबरोबर सुरीने मनगटावर पसरला, आणि तिथे रुपयाएवढा फोड आला.

दोघींनाही आम्ही एकच प्रश्न विचारला : लिंबू घातले होते का, आणि केव्हा? काकू म्हणाल्या, पाक पांढराशुभ्र दिसावा म्हणून सुरुवातीलाच चांगले अर्धे लिंबू पिळले. मुलगी म्हणाली, लिंबू घातले, पण गॅस बंद केल्यावर. दोन्ही बिघाडांचे मूळ या उत्तरांत आहे. काकूंना स्फटिक हवे होते, ते लिंबाने होऊ दिले नाहीत. मुलीला स्फटिक नको होते, पण लिंबाला काम करायला वेळच मिळाला नाही.

आधी स्फटिकांविषयी. भाईंदरचा परिसर मिठागरांचा म्हणून ओळखला जाई, तेव्हा तिथून सुरुवात करू. मिठागरात खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि उन्हावाऱ्याने ते आटू देतात. पाणी कमी झाले की मीठ स्फटिकरूपात खाली बसते. मिठाच्या बाबतीत हाच मार्ग सोयीचा, कारण 100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सियसला सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते आणि 100 अंशाला जेमतेम 39 ग्रॅम. नुसते गरम-गार करून मीठ हाती लागत नाही. साखरेचे तसे नाही. तेवढ्याच पाण्यात 20 अंशाला सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, तर 100 अंशाला सुमारे 487 ग्रॅम! गरम पाक गार होऊ लागला की त्यातली निम्म्याहून अधिक साखर बिऱ्हाड नसलेल्या पाहुण्यासारखी होते. अशा द्रावणाला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. साखरेचे रेणू मोठे, पाकही दाट, म्हणून ते लगेच रांगेत बसत नाहीत. मात्र एखादा न विरघळलेला दाणा, चमच्याचा ओरखडा किंवा नुसते ढवळणे त्यांना निमित्त म्हणून पुरते.

हलव्याचा काटा म्हणजे असाच वाढवलेला स्फटिकांचा थर. परातीच्या उष्णतेने पाकातले पाणी उडते, साखर दाण्यावर बसते, पुढचा थेंब त्यावर थर चढवतो. हवा कोरडी असेल तर पाणी लवकर उडते. हलवा पौषातल्या थंडीत करतात तो केवळ सणामुळे नव्हे. खाडीकाठच्या दमट हवेत काटा उठवणे तसेही कष्टाचे काम, आणि त्यात लिंबू!

पाक किती शिजला हे आपल्याकडे बोटांनी ठरवतात : एकतारी, दोनतारी, गोळीबंद. ही बोटे खरे तर तापमापकाचेच काम करतात. पाण्यात साखर जितकी जास्त, तितका त्याचा उत्कलनबिंदू वर जातो. पाक उकळत असताना पाणी कमी होत जाते आणि तापमान चढत राहते. 110 ते 112 अंशांच्या आसपास पाकात वजनाने शेकडा 80 भाग साखर असते, 120 अंशांच्या आसपास जवळजवळ 90 भाग. पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी 112 ते 116 अंशांच्या दरम्यान होते. त्यापुढे गोळी घट्ट होत जाते आणि दीडशे अंशांच्या जवळ पाक काचेसारखा तडकतो. तापमान म्हणजे येथे उरलेल्या पाण्याचे माप आहे, एवढे विद्यार्थ्यांना कळले की पाकशास्त्रातली अर्धी गूढे संपतात.

आता लिंबू. आपली साखर म्हणजे सुक्रोज. तिचा एक रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांच्या जोडणीतून बनलेला असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की ही जोडणी सुटते. सुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो : 342 ग्रॅम साखर आणि 18 ग्रॅम पाणी मिळून 360 ग्रॅम मिश्रण होते. आम्ल स्वतः संपत नाही, ते केवळ उत्प्रेरक असते. या मिश्रणाला साखर कारखान्यांत ‘इन्व्हर्ट शुगर’ म्हणतात. इन्व्हर्ट म्हणजे उलटलेली. ध्रुवित प्रकाश साखरेच्या द्रावणातून जाताना त्याचे प्रतल उजवीकडे वळते (विशिष्ट वलन सुमारे +66.5 अंश), आणि साखर फुटली की ते डावीकडे वळते (सुमारे −20 अंश). ही उलटापालट पाहत 1850 मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने साखर फुटण्याचा वेग मोजला. रासायनिक अभिक्रियेचा वेग गणिताने मांडण्याची सुरुवात तिथून झाली. म्हणजे रसायनशास्त्राच्या त्या प्रकरणाचा उगमही आंबट पाकातच आहे.

पाकात तीन प्रकारचे रेणू एकत्र आले की स्फटिक होणे अवघड जाते. सुक्रोजची रांग लागत असताना मध्येच ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज येऊन बसते, ते त्या रांगेत मावत नाही आणि वाढ अडते. शिवाय फ्रुक्टोज पाण्याला धरून ठेवते. गुलाबजामच्या पाकात आई लिंबाचे चार थेंब टाकते ते यासाठी. मध बराच काळ पातळ राहतो तोही यामुळेच. तिथे लिंबाचे काम मधमाशीचे विकर करते.

याच्या नेमके उलट काम कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत चालते. उसाचा रस मुळात किंचित आम्लधर्मी असतो. तसाच उकळला तर त्यातली साखर फुटते आणि गूळ मऊ पडतो, ढेप धरत नाही. म्हणून गुळव्या रसात बेताने चुन्याची निवळी घालतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात तो मळी वर आणण्यासाठी. चुना मात्र आंबटपणा मारण्यासाठी. चुना जास्त झाला तर गूळ काळपट होतो. गुळव्याकडे तापमापक नसतो, लिटमस कागद नसतो, आणि तरी तो चुकत नाही. आम्हाला या माणसाविषयी फार आदर वाटतो.

‘हलवा’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ गोड पदार्थ. इजिप्तमध्ये तिळाच्या मिठाईला ‘हलावा’ म्हणतात आणि केस काढण्याच्या साखरेच्या गोळ्यालाही हलावाच म्हणतात. काकूंचा हलवा आणि मुलीचे वॅक्स कैरोतल्या एखाद्या स्वयंपाकघरात एकाच नावाने ओळखले गेले असते. तिथला रव्याचा बस्बूसा किंवा शेवयांसारखा कुनाफा ज्या पाकात भिजवतात, त्यात लिंबू असतेच, आणि तेही पाक उकळताना घातलेले. पैगंबर जयंतीच्या मौलिदला तिथे सिमसिमीया करतात, ती आपल्या तिळाच्या चिक्कीची सख्खी बहीण. त्याच दिवसांत लाकडी साच्यांत पाक ओतून साखरेच्या बाहुल्या आणि घोडेस्वार करण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे गुढीपाडव्याच्या गाठी अशाच लाकडी साच्यात, मध्ये दोरा घालून पाडतात. बाहुली असो वा गाठी, पाक साच्यात धरला पाहिजे, म्हणजे तिथे स्फटिक हवेत.

केस काढण्याच्या या पद्धतीला ‘क्लिओपात्राचे गुपित’ म्हणण्याची फॅशन आहे. आम्हाला हे पटत नाही. क्लिओपात्रा इसवी सनपूर्व 30 मध्ये वारली. ऊस इजिप्तमध्ये पोचला तो अरबांच्या राजवटीत, म्हणजे सातव्या शतकानंतर. तिच्या काळी मध होता, साखर नव्हती. रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या मुळात भारतातली. संस्कृत ‘शर्करा’चे अरबीत ‘सुक्कर’ झाले, ‘खंड’चे ‘कंद’ झाले. पुढे इजिप्तमधले साखरेचे कारागीर इतके नावाजले की हिंदी भाषकांनी खडीसाखरेला त्या देशाचेच नाव दिले : मिस्र, म्हणजे इजिप्त, त्यावरून मिसरी.

आता मुलीच्या पातेल्याकडे परत येऊ. आम्ही तिच्यादेखत दोन पाक केले. दोन्हींत 200 ग्रॅम साखर आणि 60 मिलिलिटर पाणी. दुसऱ्यात सुरुवातीलाच दोन मोठे चमचे लिंबाचा रस. दोन्ही मंद आचेवर 118 अंशांपर्यंत नेले आणि तेल लावलेल्या ताटल्यांत ओतून, कोमट झाल्यावर ढवळले. पहिला बघता बघता पांढरा, घट्ट, रवाळ झाला. दुसरा सोनेरी आणि पारदर्शक राहिला. बोटांनी ओढून दुमडला तर तोही पांढुरका झाला, पण तो पांढरेपणा निराळा : रेशमासारखी चकाकी असलेला, हवेच्या बारीक बुडबुड्यांचा. रेवडीचा पाक ओढतात तेव्हा हेच दिसते. स्फटिकांचा पांढरेपणा मंद आणि खरखरीत असतो. हा फरक विद्यार्थ्यांना हाताने कळू द्यावा.

वर्गात करताना एक सांभाळा. शाळेतला नेहमीचा तापमापक 110 अंशांपर्यंतचाच असतो, तो पाकात फुटेल. 200 अंशांपर्यंतचा हवा. तो नसेल तर पाण्याच्या वाटीतली गोळी पुरेशी आहे. पाक शिक्षकांनीच करावा. मुलांच्या हाती द्यायचा तो गार झाल्यावर.

कारण फोडाची गोष्ट गंभीर आहे. उकळते पाणी 100 अंशांचे असते आणि अंगावरून ओघळून जाते. पाक 120 अंशांचा असतो, ओघळत नाही, चिकटून बसतो आणि सगळी उष्णता त्वचेला देतो. मुलीने रवाळ पाक पुन्हा तापवला तेव्हा स्फटिक विरघळवण्यासाठी तिला बरेच तापमान चढवावे लागले, आणि पातळ दिसला म्हणजे तयार झाला असे तिने धरले. चांगल्या जमलेल्या पाकाला पुन्हा उकळायची गरजच पडत नाही. तो अंगाइतका कोमट असताना हातात मळता येतो. केसांना तो धरून ठेवतो आणि झटक्यात ओढला की घन पदार्थासारखा वागतो. हळू ओढला तर लांबत राहतो आणि कातडीला ओढ बसते. धुवायला साधे पाणी पुरते, कारण साखर विरघळते. जखम, पुरळ किंवा उन्हाने भाजलेली कातडी असेल, किंवा मुरुमांसाठी रेटिनॉइड मलम चालू असेल, तर हा प्रकार करूच नये. मुळात हातावरचे केस काढावेत की राहू द्यावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यांनी कुणाचे काही अडत नाही.

आणि भाजलेच तर? पाक खरवडायचा नाही. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरायचा. बांगड्या, अंगठ्या लगेच काढायच्या. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काही नाही. फोड फोडायचा नाही, आणि भाजलेला भाग मोठा किंवा चेहऱ्यावरचा असेल तर डॉक्टरांकडे जायचे. त्या मुलीने टूथपेस्ट लावली होती. डाग बरेच महिने राहिला.

काकूंनी पुढच्या आठवड्यात लिंबाशिवाय पाक करून पुन्हा हलवा घातला. चौथ्या दिवशी काटा दिसू लागला. आमच्या दोन ताटल्यांतला उरलेला पाक मात्र आम्ही मुद्दाम दोन उघड्या वाट्यांत ठेवला होता. जुलैत, नवघरच्या पावसाळी हवेत, लिंबाच्या पाकावर पाणी सुटून वाटीत पातळ सरबत जमले होते. बिनलिंबाचा पाक थोडा ओलसर झाला होता, पण त्याचा खडा खडाच होता. हे पाणी कुठून आले, हे आपल्या विद्यार्थ्यांना विचारून पाहा.