पियानोचा कीबोर्ड घेताना : किंमत नव्हे, पट्टी पाहा

कुर्ला पश्चिमेला पाईप रोडच्या बाजूला आमच्या परिचयाचा एक तरुण राहतो. त्याचे वडील पेटी दुरुस्त करीत. भाता बदलणे, रीड घासून सुरात आणणे हे काम त्यांनी हयातभर केले. मुलाने इलेक्ट्रॉनिक्स शिकून शाळांचे कार्यक्रम आणि समारंभ यांना ॲम्प्लिफायर, स्पीकर व कीबोर्ड भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. धंदा बरा चालला होता. एके दिवशी अंधेरीच्या एका ध्वनिमुद्रण करणाऱ्या गिऱ्हाइकाने विचारले, "भाई, संगणकातला पियानो वाजवायला अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा कीबोर्ड महिन्याच्या भाड्याने मिळेल का?"

नियमित भाडे मिळणार म्हणून तरुणाने घरातील बचत काढली. भावाच्या रिक्षासाठी ठेवलेले पैसेही त्यात घातले. दुकानात त्याने पट्ट्या मोजल्या, बरोबर अठ्ठ्याऐंशी भरल्या. कीबोर्ड हलका होता, किंमतही कमी होती. दुकानदार म्हणाला, "वेटेडच आहे." गिऱ्हाइकाकडे पियानोवादकाने पाच मिनिटे वाजवून पाहिले आणि उठून म्हणाला, "पट्ट्या पूर्ण आहेत, पण हा पियानो नाही." माल परत आला. दुकानदाराने घेतला नाही. शेवटी तो तोट्यात विकावा लागला. त्या रात्री वडिलांनी एवढेच विचारले, "बेटा, पेटी घेताना आपण आधी भाता पाहतो की पॉलिश?"

हा प्रश्न या व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. वाद्याविषयी प्रत्येकाची समजूत वेगळी असू शकते. आम्ही येथे केवळ मालाची पारख, भाडे आणि दुरुस्ती यांचाच विचार करीत आहोत.

आवाज कुठे असतो?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की कंट्रोलर नावाच्या कीबोर्डमध्ये स्वतःचा आवाज नसतो. आवाज संगणकात असतो. खऱ्या पियानोचा एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात असा निरनिराळ्या दाबाने वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असतो. अशा हजारो नमुन्यांचा संच कित्येक गिगाबाइट जागा व्यापतो. कीबोर्ड संगणकाला फक्त निरोप पाठवतो : कोणती पट्टी दाबली, किती वेगाने दाबली आणि केव्हा सोडली.

हा निरोप ज्या भाषेत जातो तिचे नाव 'मिडी'. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांनी ती एकमताने स्वीकारली. तिच्या जडणघडणीत अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांचा मोठा वाटा होता. २०१३ साली दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मिडीत पट्टी दाबण्याचा वेग १ ते १२७ या आकड्यांत सांगितला जातो.

आता हिशेब पाहा. समजा संगणकातील पियानोचा प्रत्येक स्वर आठ दाबांनी मुद्रित केला आहे. म्हणजे एका दाबाच्या वाट्याला साधारण सोळा आकडे येतात. कीबोर्डच्या पट्ट्या इतक्या हलक्या असतील की साधे बोट ठेवले तरी ९० च्या वरचा आकडा जातो, तर वाजणार फक्त शेवटचे तीन दाब. उरलेले पाच पैसे मोजूनही पडून राहणार. वादकाला हळुवार वाजवायचे असते आणि पियानो ओरडत असतो. आमच्या तरुणाचा माल नेमका याच कारणाने परत आला.

पेटी आणि पियानो यांतील फरक

आपल्याकडचा कारागीर पेटी ओळखतो. पेटीची पट्टी म्हणजे हवेची खिडकी उघडणारी फळी. ती हळू दाबा की जोरात, आवाज भात्याच्या जोरावर ठरतो. पियानोचे तसे नाही. सन १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने असे यंत्र तयार केले की पट्टी दाबताच लाकडी हातोडी उडून तारेवर आदळते आणि लगेच मागे पडते. बोटाला जे वजन जाणवते ते त्या हातोडीचे. खालच्या, म्हणजे डावीकडच्या, स्वरांच्या हातोड्या जड, उजवीकडच्या हलक्या. पियानोवादकाची बोटे वर्षानुवर्षे याच वजनावर तयार झालेली असतात.

बाजारात तीन प्रकारच्या पट्ट्या मिळतात. पहिल्या प्रकारात पट्टीखाली नुसती स्प्रिंग असते. ऑर्गन किंवा सिंथेसायझर वाजवायला ती उत्तम, पियानोला निरुपयोगी. दुसरा प्रकार 'सेमी-वेटेड' : स्प्रिंग थोडी कडक आणि पट्टीला थोडे वजन. तिसरा प्रकार 'हॅमर ॲक्शन' : आत खरोखरच वजनाची छोटी हातोडी किंवा तरफ असते आणि ती आपल्या भाराने पट्टी परत आणते. पियानोसाठी हवा तो हा तिसरा. दुकानदार दुसऱ्या प्रकारालाही 'वेटेड' म्हणून खपवतात, म्हणून बिलावर आणि खोक्यावर 'हॅमर' हा शब्द शोधावा. 'ग्रेडेड हॅमर' असेल तर डावीकडून उजवीकडे वजन कमी होत जाते.

नाव एक, पट्टी दुसऱ्याची

कीबोर्डवर छापलेले नाव आणि आतील पट्ट्यांचा कारखाना पुष्कळदा वेगळा असतो. इटलीत रेकानाती येथे फातार नावाचा कारखाना १९५६ पासून आहे. जगातील अनेक नामांकित कंपन्या त्याच्याकडूनच पट्ट्यांचा पूर्ण संच घेतात. स्टुडिओलॉजिक ही त्याची स्वतःची छाप. आर्टुरियाच्या ८८ पट्ट्यांच्या कीलॅबमध्येही फातारचाच संच आहे. म्हणून नावाला भुलण्यापूर्वी आत कोणता संच आहे हे विचारावे. सुटे भाग मागवतानाही हीच माहिती उपयोगी पडते.

दुसरा मार्ग डिजिटल पियानोचा. यामाहा पी-४५, रोलँड एफपी-१० असे पियानो यूएसबी तारेने संगणकाला जोडले की कंट्रोलरचे काम करतात आणि संगणक बंद पडला तर स्वतःच्या आवाजावर वाजतात. भाड्याने देणाऱ्याला ही मोठी सोय आहे, कारण कार्यक्रमात संगणक रुसला तर गिऱ्हाईक भाडे देत नाही. पी-४५ हा २०१५ साली आला. २०२३ मध्ये त्याच्या जागी पी-१४५ आला, म्हणून जुना माल हातबदलीत मिळतो. मात्र या डिजिटल पियानोंना गोल, पाच पिनांची जुनी मिडी जोडणी नाही. गिऱ्हाइकाकडे जुने यंत्र असेल तर हे आधी विचारून घ्यावे.

दुकानात करावयाची परीक्षा

पैसे देण्यापूर्वी अर्धा तास मोडला तरी चालेल. पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१) एक रुपयाची नाणी किराणा दुकानाच्या काट्यावर ५० ग्रॅम भरतील इतकी घेऊन चिकटपट्टीने बांधावीत. ही चळत मधल्या पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या टोकाला ठेवावी. खऱ्या पियानोची पट्टी साधारण एवढ्या वजनाने खाली जाते. हॅमर ॲक्शनला थोडे जास्त वजन लागले तर चालते, पण निम्म्या वजनातच पट्टी तळाला गेली तर समजावे की आत स्प्रिंग आहे. दहा रुपयाचे नाणे घेऊ नये. ते रुंद असल्याने शेजारच्या पट्टीवर टेकते आणि परीक्षा खोटी ठरते.

२) तीच परीक्षा डाव्या आणि उजव्या टोकाला करावी.

३) पट्टी पुढच्या टोकाऐवजी आत, काळ्या पट्ट्यांच्या मध्ये दाबून पाहावी. स्वस्त संचात टेकू जवळ असतो, त्यामुळे तेथे पट्टी फार जड लागते आणि बोटे थकतात.

४) संगणकावर वेगाचा आकडा दाखवणारा प्रोग्राम लावून ८८ पट्ट्या एकेक करून सारख्या दाबाने वाजवाव्यात. एखादीच पट्टी फार मोठा किंवा फार छोटा आकडा देत असेल तर तेथे दोष आहे. हातबदलीच्या मालात ही तपासणी मुळीच चुकवू नये.

५) एकच पट्टी अर्धवट वर येऊ देऊन पुन्हा पुन्हा दाबावी. दोन संवेदक असलेल्या संचात पट्टी बरीच वर आल्याशिवाय स्वर पुन्हा नीट वाजत नाही. तीन संवेदक असलेल्यात अर्ध्यातूनही वाजतो. एफपी-१० मध्ये तीन आहेत.

६) पेडल जोडून पाहावे. पेडल दाबल्यावर स्वर तुटत असेल आणि सोडल्यावर लांबत असेल तर पेडल उलट्या जोडणीचे आहे. बऱ्याच पेडलांना हे बदलण्याचे बटण असते.

७) वीज बंद ठेवून पट्ट्या आपटून ऐकावे. चाळीत किंवा जुन्या इमारतीत कानाला हेडफोन असला तरी हातोड्यांची धपधप खालच्या घरात पोहोचते. खाली जाड रबर घालावे लागेल, त्याचा खर्च धरावा.

आकडे जरा वरखाली असतील तर माल लगेच नाकारू नये. बहुतेक कीबोर्डवर व प्रोग्रामवर 'व्हेलॉसिटी कर्व्ह' बदलता येतो. मात्र पट्टीच हलकी असेल तर कोणताही कर्व्ह बोटाला वजन देऊ शकत नाही.

दोष कधी कधी संगणकाचा असतो. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आला तर वादक कीबोर्डला दोष देतो. ध्वनीची बफर २५६ नमुन्यांची आणि वेग सेकंदाला ४४,१०० असेल तर उशीर सुमारे ६ मिलिसेकंद होतो. बफर १,०२४ ठेवली तर तो २३ च्या पुढे जातो आणि बोटाला जाणवतो. भाड्याने देताना एवढे माहीत असले की विनाकारण माल परत येत नाही.

दुरुस्तीत रोजगार

या वस्तूची किंमत मोठी, पण नेहमीचे दुखणे साधे असते. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोप्या असतात आणि त्यांत कार्बनचे ठिपके असतात. पट्टी दाबली की दोन ठिपके एकामागून एक टेकतात आणि त्यांतील अंतराच्या वेळेवरून वेग मोजला जातो. धूळ आणि मुंबईची दमट हवा तेथे शिरली की एखादी पट्टी एकदम ओरडते किंवा मुकी होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड यांनी अलगद पुसल्यावर बहुतेक वेळा काम होते. तेथे तेल किंवा गंज काढणारा फवारा कधीही मारू नये. पट्ट्या काढताना त्यांच्यावर क्रमांक लिहावेत, कारण ग्रेडेड संचात जागा बदलली तर वजन बिघडते.

त्याशिवाय जोडधंदे आहेत. पी-४५ चे वजन ११.५ किलो, एफपी-१० चे १२.३ किलो, आणि लांबी दोन्हींची सव्वा मीटरच्या वर. रिक्षात आडवा ठेवता येत नाही, लोकलच्या मालडब्यात धक्के खातो. म्हणून प्लायवूड, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि फोम यांची पेटी लागते. लोखंडी नळीचे स्टँड लागते, कॅनव्हासचे आवरण लागते, तारांना झाळकाम लागते. सुतार, वेल्डर, पिशवी शिवणारा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर हे चौघे कुर्ल्यात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर सापडतील. त्यांनी मिळून काम घेतले तर पैसा वस्तीतच राहील.

आपल्या राज्यातच याचा मोठा दाखला आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस मावळल्यावर एकोणिसाव्या शतकात त्यांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले. आज त्यांची सतार आणि तंबोरा देशभर जातात आणि २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांनी हुन्नर टाकला नाही, फक्त त्याला नवे काम दिले.

आमच्या तरुणाने पुढे वर्षभराने एका मित्राच्या भागीदारीत दुसरा कीबोर्ड घेतला, या वेळी हॅमर ॲक्शनचा. पैसे देण्यापूर्वी त्याने तोच पियानोवादक सोबत नेला आणि त्याला रिक्षाभाडे व जेवण दिले. खर्च शेदोनशे रुपयांचा झाला. भावाच्या रिक्षाचे पैसे भाड्यातून फिटत आहेत. वडील आता डोळ्यांनी अधू झाले आहेत, परंतु नवा माल आला की ते पट्ट्यांवरून हात फिरवतात आणि एखादी ढिली असेल तर मुलाच्या आधी सांगतात.