हातमोजे कुणासाठी?

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी मूठ वळायला शिकले. त्याआधी ती आपल्याला येते अशीच माझी समजूत होती. पहिल्या दिवशी सरांनी माझी मूठ हातात धरून पाहिली, बोटांखाली दडलेला अंगठा बाहेर काढला आणि म्हणाले, "काकू, असा ठोसा माराल तर समोरच्याला काही होणार नाही. तुमचा अंगठा जाईल."

मी तिथे पोचले त्याचं कारण अगदी गद्य होतं. पाळी थांबून चार वर्षं झाली होती, रक्तदाब वरच्या अंगाला होता आणि हाडांची घनता मोजली तर टी-स्कोअर उणे १.६ आला. याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. हाडं ठिसूळ झालेली नाहीत, पण त्या वाटेला लागली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालता ते चांगलंच, पण हाडांवर भार पडेल, धक्का बसेल असंही काही करा. घराजवळच्या हॉलमध्ये सकाळी सहाला मुष्टियुद्धाचा वर्ग भरतो. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ तो चालवतात. पुण्यात लष्करामुळे हा खेळ मुरलेला आहे. २००१ साली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट इथेच निघाली, तिथल्या खेळांत मुष्टियुद्ध आहे. वर्गात जिल्हा स्पर्धेची तयारी करणाऱ्या तीन मुली, संगणक कंपन्यांतले दोघे तरुण आणि मी. सगळेच मला काकू म्हणतात.

मी कुठल्या विद्यापीठात शिकवत नाही. तीस वर्षं नोकरी सांभाळून जुन्या तालमी आणि व्यायामावरची जुनी पुस्तकं यांच्या मागे फिरले, एवढंच. त्यामुळे हातात मोजे चढल्यावर पहिला प्रश्न मनात आला तो असा, की हे मुळात कुणासाठी केले?

आधी हाताचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. माणसाच्या एका हातात २७ हाडं असतात आणि त्यांतलं एकही ठोसे मारण्यासाठी बेतलेलं वाटत नाही. तळहातातल्या पाच लांब हाडांपैकी करंगळीकडचं सगळ्यांत कच्चं. ते बोटाच्या बाजूच्या टोकाशी मोडलं की डॉक्टर त्याला 'बॉक्सरचं फ्रॅक्चर' म्हणतात. पण ते जास्त करून मोडतं ते भिंतीवर किंवा भांडणात कुणाच्या डोक्यावर राग काढणाऱ्या अडाण्यांचं. शिकलेला माणूस तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पेरांवर ठोसा घेतो आणि मनगट सरळ ठेवतो. म्हणून मोज्याच्या आत पट्टी. साडेचार मीटर लांब, म्हणजे नऊवारीच्या अर्ध्याहून थोडी जास्त. मनगटाला वेढे, पेरांवर वेढे, बोटांच्या मधून आडवे फेरे. ती नीट बांधायला मला तीन आठवडे लागले.

आता मोजे. लंडनमध्ये जॅक ब्रॉटन नावाचा नामांकित मुष्टियोद्धा होता. १७४३ साली त्यानं या खेळाचे पहिले लेखी नियम केले. तेव्हाच्या झुंजी उघड्या मुठींच्या, पैजेच्या. १७४७ साली त्यानं हेमार्केटमध्ये शिकवणी काढली आणि वर्तमानपत्रात जाहिरात दिली. ग्राहक होते सरदार-उमरावांकडचे लोक. त्यांना व्यायाम हवा होता, कला हवी होती. फुटलेलं नाक घेऊन मेजवानीला जायचं नव्हतं. ब्रॉटननं आश्वासन दिलं, की इथे हातांवर मऊ वेष्टनं चढवली जातील, त्यामुळे डोळे काळेनिळे होणार नाहीत, जबडे मोडणार नाहीत. झुंजीच्या दिवशी मात्र पैजेचा गडी उघड्या मुठीनंच उतरत असे.

म्हणजे 'तब्येतीसाठी बॉक्सिंग' हे आजच्या जिमवाल्यांचं खूळ नव्हे. आजच्या मोज्यांचं मूळच हौशी माणसाच्या सोयीत आहे. त्याआधीही हातावर काही चढवत, पण हेतू उलटा. जुन्या रोमन मल्लांचे चामडी पट्टे समोरच्याला अधिक लागावं म्हणून असत. आपल्याकडे वज्रमुष्टी, लुई रुसले हा फ्रेंच प्रवासी १८६४ च्या सुमारास खंडेराव गायकवाडांच्या बडोद्यात होता, त्यानं शिंगाची नखं मुठीत धरून खेळलेल्या रक्तबंबाळ कुस्त्यांचं वर्णन करून ठेवलं आहे.

ब्रॉटननंतर दोन पिढ्यांनी या हौशी मंडळींतला सगळ्यांत प्रसिद्ध शिष्य आला, कवी लॉर्ड बायरन. पायानं अधू आणि अंगानं सुटत चाललेला. बाँड स्ट्रीटवर जॉन जॅक्सन या माजी विजेत्याची तालीम होती, तिथे तो जाई. लंडनच्या एका दारूच्या दुकानात मोठा तराजू होता, त्याच्या वहीत बायरनच्या वजनाच्या नोंदी आहेत. १८०६ मध्ये सुमारे ८८ किलो, १८११ मध्ये ६३ च्या आत. त्यात ठोशांचा वाटा किती आणि उपासांचा किती हे सोडा. बिस्किटं आणि सोडावॉटरवर दिवस काढणाऱ्या कवीचा आहार मी कुणाला सुचवणार नाही.

बायकाही होत्या, आणि ब्रॉटनच्याही आधी. १७२२ मध्ये एलिझाबेथ विल्किन्सन हिनं हॅना हायफील्डला वर्तमानपत्रातून आव्हान दिलं. अट अशी, की दोघींनी दोन्ही मुठींत अर्ध्या क्राउनचं एकेक नाणं धरायचं, जिच्या हातून आधी पडेल ती हरली. नाणं धरलं की मूठ उघडता येत नाही, म्हणजे ओरबाडणं आणि झिंज्या उपटणं बंद. ही युक्ती मी सरांना सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाच-पाच रुपयांची दोन नाणी देऊन हवेत ठोसे मारायला लावले. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ बायकांना या खेळाच्या दारातच ठेवलं गेलं. ब्रिटनमध्ये हौशी स्पर्धांवरची बंदी १९९६ मध्ये उठली आणि ऑलिंपिकचं दार २०१२ मध्ये उघडलं. त्याच वर्षी मेरी कोमनं कांस्यपदक आणलं.

मराठीत मारण्याच्या शब्दांना तोटा नाही. गुद्दा, बुक्की, ठोसा, रट्टा, धपाटा, टपली; पोरांसाठी धम्मक लाडू आणि चापट पोळी. बाईच्या वाट्याला मात्र यातलं काय येतं ते 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' ही म्हण सांगते. पहिल्यांदा बॅगेवर सरळ ठोसा बसला आणि तिचा धप्प आवाज आला, तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी रागावणार तर नाही ना म्हणून. वय वर्षं चौपन्न.

व्यायाम म्हणून याचं गमक १८६७ साली छापलेल्या क्वीन्सबरी नियमांत आहे. त्याआधी गडी पडला की फेरी संपे, मग ती दहा सेकंदांची असो की अर्ध्या तासाची. या नियमांनी तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती ठरवली. तीन मिनिटं काही लांबलचक वाटत नाहीत. हात हनुवटीशी धरून पाहा. छातीचे ठोके वर चढतात आणि पुरते खाली येण्याआधी पुढची घंटा वाजते. ठोसाही हातातून निघत नाही. मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कंबरेतून वळतो, खांद्यातून सुटतो. आई जातं ओढायची तेव्हा असंच सगळं अंग फिरायचं. चौदा महिन्यांत माझी बसल्या जागची नाडी ८२ वरून ७१ वर आली. हाडांचा आकडा उणे १.५ झाला. एवढा फरक मोजणीतल्या चुकीतही बसतो, त्यामुळे मी पेढे वाटले नाहीत. शिवाय हाडांना लाभ झाला असेल तर ठोशांपेक्षा दोरीवरच्या उड्यांचा अधिक असावा.

पण क्वीन्सबरी नियमांनी आणखी एक गोष्ट केली. शिकवणीतले मोजे झुंजीत आणले. उघड्या मुठीनं कवटीवर मारणारा आपलाच हात मोडून घेई, म्हणून तो डोक्यावर जपून मारी. मोज्यानं ती भीती काढून टाकली. मोजा हाताला वाचवतो, डोक्याला नाही. कवटीच्या आत मेंदू पाण्यात तरंगल्यासारखा असतो. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की डोकं झटक्यानं फिरतं आणि आत मेंदूला पीळ बसतो. हेडगार्डनं भुवई फुटत नाही. हा पीळ त्यानं थांबत नाही. पुरुषांच्या वरच्या गटातून २०१३ पासून हेडगार्ड काढूनच टाकलं, बायकांना ठेवलं. न्यू जर्सीतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरनं १९२८ मध्ये अशा मारानं बिघडलेल्या मुष्टियोद्ध्यांवर निबंध लिहिला. १९६९ मध्ये ब्रिटनमधल्या २२४ माजी व्यावसायिकांच्या तपासणीत ३७ जणांच्या मेंदूत या माराच्या खुणा सापडल्या, म्हणजे दर सहांत एक.

हे वाचल्यापासून माझं सरांकडे लक्ष जायला लागलं. ते हजेरीच्या वहीत प्रत्येक नावापुढे खूण लिहून ठेवतात: 'उंच', 'चष्मा', 'डावखुरी'. माझ्यापुढे 'पुस्तकवाल्या काकू'. कधी एकच गोष्ट दोनदा विचारतात. वय पासष्ट, लष्करात वीस वर्षं खेळलेले. यातलं वयाचं किती आणि माराचं किती, हे मला ठरवता येणार नाही. त्यांना विचारण्याची हिंमतही नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी विचारलं, "काकू, स्पारिंग करणार का? हलकं हलकं." मी नाही म्हटलं. ते हसले, "बरोबर आहे. तुम्हाला कशाला पाहिजे?"

ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण डावखुरीला पाहिजे आहे. ती सतरा वर्षांची आहे, वडील रिक्षा चालवतात. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत आणि तिला पोलिसांत जायचं आहे. हेमार्केटच्या शिकवणीत दोन तऱ्हेची माणसं होती, मोजे घालून घामाघूम होऊन घरी जाणारी आणि पोटासाठी मार खाणारी. आमच्या हॉलमध्ये मी आणि ती एकाच बॅगेवर आळीपाळीनं ठोसे मारतो.

जूनमध्ये तिची आई मला थांबून म्हणाली, "ताई, तुम्ही एवढं वाचता. पाठवू ना हिला स्पर्धेला?"

मी तिला सगळं सांगितलं. ते २२४ जण व्यावसायिक होते, वर्षानुवर्षं लढलेले. हिच्या लढती तीन फेऱ्यांच्या, शेजारी डॉक्टर बसलेला. पण मार स्पर्धेपेक्षा सरावात जास्त बसतो आणि तो कुणी मोजत नाही. म्हणून डोक्यावरचं स्पारिंग आठवड्यातून किती, हे सरांना विचारा. डोकं दुखलं, उलटी झाली, फार झोप यायला लागली तर महिनाभर रिंगणात नाही, स्पर्धा तोंडावर असली तरी नाही. पोरगी लपवेल, तुम्ही पाहा.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमची मुलगी असती तर?"

माझी मुलगी असती तर तिला नोकरीसाठी हे करावं लागलं नसतं, हे मी बोलले नाही. "माहीत नाही," म्हटलं. आता सोमवारी आणि गुरुवारी मी वही घेऊन रिंगणाशेजारी बसते. डावखुरीच्या डोक्यावर बसलेला प्रत्येक ठोसा मोजून त्यात रेघ ओढते. सरांनीच सांगितलं, रेघा वीस झाल्या की घंटा वाजवा.