गाडी चुकलेली पीचं

अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य स्वतःला ‘पीच स्टेट’ म्हणवतं. मोटारींच्या नंबरप्लेटवर पीच, आणि अटलांटा शहरात ‘पीचट्री’ नावाचे रस्ते इतके, की नवखा माणूस हमखास चुकतो. गंमत म्हणजे पिकाच्या हिशेबात कॅलिफोर्निया कितीतरी पुढे आहे, आणि शेजारचं साउथ कॅरोलायनाही जॉर्जियाला मागे टाकतं. मान मात्र जॉर्जियाचा, आणि तो मिळवून दिला रेल्वेने.

मार्शलव्हिल गावच्या सॅम्युअल रम्फ या बागायतदाराने 1870च्या दशकात पीचची एक नवी जात पुढे आणली. बायकोच्या नावावरून तिला ‘एल्बर्टा’ म्हणू लागले. मोठं, पिवळ्या गराचं, कोय सहज सुटणारं आणि मुख्य म्हणजे प्रवास सोसणारं फळ. खोक्यांत भरून, बर्फाच्या गारव्यात ते थेट न्यूयॉर्कच्या बाजारात जाऊ लागलं. यादवी युद्धानंतर कापसाचं गणित विस्कटलेलं होतं. त्या मुलखाला हे फळ देवासारखं भेटलं. पीचच्या जोरावर 1924 साली ‘पीच काउंटी’ नावाचा वेगळा जिल्हाच झाला.

पण प्रत्येक बागेत गाडीत न चढणारा मालही असतोच. झाडावरच पिकून मऊ पडलेला, एका अंगाला लागलेला, उद्यापर्यंतही न टिकणारा. कॉबलर, म्हणजे फळांवर पिठाचं आवरण घालून भाजलेला गोड पदार्थ, आहे तो या फळांसाठी.

पदार्थ एल्बर्टाहून जुना. केंटकीच्या लेटिस ब्रायन यांच्या 1839च्या पाकपुस्तकात तो सापडतो. पाहुण्यांपुढे मांडण्याजोगा नव्हे, पण घरच्यांसाठी झकास, असा शेराही बाईंनी मारला आहे. वसाहतींच्या काळात घरोघरी भट्टी कुठली? जाड बिडाचं भांडं, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. आपल्याकडे भानोलं असंच होत असे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोठ्या घरांमधल्या चुली सांभाळल्या त्या बहुतांशी गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी. त्यांची नावं फारशी कुठे नोंदली गेली नाहीत. गुलामगिरीत जन्मलेल्या ॲबी फिशर हा त्याला अपवाद. लिहिता-वाचता येत नसताना त्यांनी सांगून लिहवून घेतलेलं पुस्तक 1881 साली सॅन फ्रान्सिस्कोत छापलं गेलं, आणि त्यात पीच कॉबलर आहे.

वरचं आवरण कसलं, यावर तिथे घराघरांत वाद. कुणी ताकाच्या मऊ बिस्किटांचे गोळे ठेवतं, कुणी पायसारखी पोळी लाटून तिच्या पट्ट्यांची जाळी विणतं. माझं मत तिसऱ्या, सगळ्यात आळशी पद्धतीला. त्यात भांड्यात लोणी वितळवून सरसरीत पीठ ओतायचं, आणि वर फळ.

पीच निवडताना लाल रंगाला भुलू नये. तो जातीचा आणि उन्हाचा. देठाजवळचा रंग पाहा. हिरवट झाक जाऊन तिथे पिवळा आला आणि फळ नाकाशी नेल्यावर घमघमलं, की झालं. कच्चं फळ फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, गर पिठूळ होतो. सोलायला सोपी युक्ती म्हणजे बुडाशी फुलीची चीर देऊन अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. फळ पिकलेलं असेल तर चिरेपाशी साल उलटते, चिमटीत धरून ओढली की अखंड निघते, आणि आत केशरी-गुलाबी ओला गर. साल हटून बसली तर फळ अजून तयार नाही.

किलोभर पीचच्या फोडींना अर्धी वाटी साखर, लिंबाचा रस आणि जायफळ लावून अर्धा तास ठेवा, रस सुटतो. काचेच्या खोल भांड्यात सव्वाशे ग्रॅम लोणी ओव्हनमध्येच वितळवा. सव्वाशे ग्रॅम मैदा, तेवढीच साखर, दोन चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि पाव लिटर दूध एकत्र करून त्या लोण्यावर ओता, वर फोडी रसासकट पसरा. आता हात आवरा. ढवळायचं नाही! 180 अंशांवर पीठ फुगतं, फोडींच्या बाजूंनी वर चढतं आणि त्यांना पोटात घेतं. कडेचं लोणी त्याला कुरकुरीत तळून काढतं. पाऊण तासाने वरचा रंग तांबूस दिसेल, पण तेवढ्यावर बाहेर काढू नका. मधोमध रस बुडबुडतोय का ते पाहा, नाहीतर तळाशी कच्चं पीठ राहतं. नंतर अर्धा तास थांबा, मग व्हॅनिला आइस्क्रीम. तिथले लोक उरलेलं सकाळी न्याहारीला गारच खातात, आणि बरोबर करतात.

या सगळ्याचं मूळ मात्र हिवाळ्यात. पीचच्या झाडाला सात अंशांखालची थंडी शेकडो तास मिळावी लागते, तरच वसंतात कळ्या नीट उमलतात. थंडी कमी पडली तर मोहोर विस्कळीत, आणि अवेळी उबेने लवकर फुललेल्या झाडांना मागून आलेलं दहिवर मारतं. जॉर्जियाचं 2017 साली बहुतांश पीक गेलं. 2023 साली तर नव्वद टक्क्यांहून अधिक. आता कमी थंडीत येणाऱ्या जाती तयार करण्याची धडपड चालू आहे. त्या फळाला चव काय असेल, हे त्यांच्या कॉबलरवरूनच कळेल.

आपल्याकडे हिमाचल-उत्तराखंडची पीचं उन्हाळ्याच्या अखेरीला मुंबई-पुण्यात येतात. ती प्रवासासाठी टणकच तोडलेली असतात, म्हणजे गाडी गाठलेली पीचं. दोन-तीन दिवस कागदी पिशवीत ठेवली तर मऊ होतात, पण झाडावरची गोडी येत नाही. त्यामुळे लिंबू निम्मं करा आणि फोडी साखरेबरोबर पाच मिनिटं कढईत वाफवून घ्या. आंब्याचा कॉबलर होईल का, असं कुणीतरी विचारतंच. होईल, पण पिकलेला हापूस ओव्हनमध्ये घालण्याचं पाप माझ्या हातून व्हायचं नाही. डागी तोतापुरी आणा.