विंडोजवरचा प्रोग्रॅम लिनक्सवर नेताना

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "दादा, माझा सी++ प्रोग्रॅम विंडोजवर चालतो, पण लिनक्सवर त्याला फाइलच सापडत नाही. असं का?"

फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर कोडमध्ये कॅपिटल होतं, डिस्कवर स्मॉल. विंडोज सहसा हा फरक मानत नाही, लिनक्स मानतं.

पोर्टिंगसाठी, म्हणजे प्रोग्रॅम एका सिस्टिमवरून दुसरीवर नेण्यासाठी, दोन्ही सिस्टिम आतून कशा चालतात हे कळायला हवं. त्यासाठी एवढं नक्की शिका:

🔹 डेटा टाइप: ६४ बिट विंडोजवर 'लाँग' ३२ बिटांचा असतो, ६४ बिट लिनक्सवर ६४ बिटांचा. म्हणून ठरावीक आकाराचे टाइप वापरा.

🔹 सिस्टिम कॉल: लिनक्सवर 'फोर्क' चालू प्रोसेसची प्रत काढतो. विंडोजवर 'क्रिएटप्रोसेस' नवी प्रोसेस सुरू करतो. इथे रचनाच बदलावी लागते.

🔹 कोडची विभागणी: सिस्टिमवर अवलंबून असलेला भाग वेगळ्या फाइलींत ठेवा. बाकीचा कोड मग सहज हलवता येतो. १९७३ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम यंत्रावर कमी अवलंबून असलेल्या सी भाषेत नव्याने लिहिली गेली, म्हणून पुढे ती वेगळ्या बनावटीच्या यंत्रांवर नेणं सोपं झालं.

🔹 चाचण्या: प्रत्येक बदलानंतर दोन्हीकडे चालवा.

सुरुवात एखाद्या छोट्या कमांड लाइन प्रोग्रॅमपासून करा, खूप शिकायला मिळतं.

कुठे अडलात तर एरर मेसेजसकट कमेंटमध्ये विचारा, मिळून सोडवू!