रंगाची पारख : गरम, थंड आणि शेजारचा

कापडाच्या धंद्यात भाव, पोत आणि रंग या तीन गोष्टींवर सौदा ठरतो. भावाची घासाघीस गिऱ्हाईक तोंडाने करते, पोत हाताने पाहते. रंगाबाबत मात्र ते बोलत नाही. पसंत नसेल तर उठून जाते. म्हणून रंगाचा हिशोब दुकानदाराने आणि कारागिराने नीट समजून घेतला पाहिजे.

मावळात कापड विकताना मला याचा महाग धडा मिळाला. भाजे गावातील एका लग्नघरासाठी मी रात्रीच्या वेळी आहेराच्या ११ मरून साड्या आणि त्यांना जोडीचे ब्लाउज पीस काढून दिले. पिवळ्या बल्बखाली रंग तंतोतंत जुळला होता. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई सगळा माल घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "शेठ, दुकानात एक रंग आन् अंगणात दुसरा, असं कसं?" दाराबाहेर नेऊन पाहिले तर साडी मरूनच होती, पीस मात्र तपकिरी. चूक माझीच होती. साड्या पुढे विकल्या गेल्या, पण ताग्यातून फाडलेले ११ तुकडे कवडीमोलाने काढावे लागले.

उजेडाचा खेळ

असे का झाले? बल्बच्या उजेडात लाल-पिवळा भाग जास्त आणि निळा फार कमी असतो. दिवसाच्या उजेडात निळा भाग भरपूर असतो. साडीतील निळसर झाक बल्बखाली लपली आणि अंगणात उघडी पडली. दोन कापडे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असली, तर एका उजेडात ती जुळतात आणि दुसऱ्यात फटकतात. म्हणून जोडी लावताना कापड दारात न्यावे. थेट उन्हात नव्हे, सावलीत. आता दुकानांत एल.ई.डी. दिवे आले आहेत. ते घेताना खोक्यावरचा सी.आर.आय.चा आकडा पाहावा. तो ९० किंवा त्याहून जास्त असेल तर रंग बऱ्यापैकी खरे दिसतात.

गरम आणि थंड

लाल, नारिंगी, पिवळा हे गरम रंग. निळा आणि त्याच्या जवळचे हिरवे-जांभळे हे थंड. गरम रंग पुढे आल्यासारखे वाटतात, थंड मागे सरतात. पण एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक रंगात गरम आणि थंड अशा दोन जाती असतात. हिरव्यात पोपटी आणि मेंदी गरम, कारण त्यांत पिवळा आहे. रामा आणि मोरपंखी थंड, कारण त्यांत निळा आहे. लालात शेंदरी आणि गाजरी गरम, तर राणी थंडाकडे झुकणारा. मेंदी रंगाच्या कमीजवर रामा दुपट्टा 'हिरव्यावर हिरवा' म्हणून दिला तर तो खटकतो, तो यामुळेच.

पांढऱ्यालाही हाच नियम लागू आहे. ईदच्या दिवसांत निळसर झाकेचा शुभ्र कुर्ता आणि मोतिया पायजमा एकत्र दाखवला, तर नवाकोरा पायजमा मळल्यासारखा दिसतो. गिऱ्हाइकाला वाटते, माल जुना आहे.

शेजाऱ्याचा परिणाम

पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकामशाळेत १८२४ साली शेव्रेल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले. तेथे तक्रार होती की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासले तर धाग्यात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो कमजोर दिसत होता. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सार असे की प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या विरुद्ध जोड्या एकमेकांना उठाव देतात.

हे पाहायला पॅरिसला जायला नको. भाताच्या लावणीच्या दिवसांत भाजे लेण्यांच्या पायऱ्यांवरून खाली पाहावे. हिरव्यागार खाचरात लाल साडी लांबूनही चमकते, हिरवी साडी हरवते. तीच लाल साडी एप्रिलमध्ये, डोंगर तांबूस-पिवळे झाल्यावर, तितकी उठत नाही. रंग तोच, शेजारी बदलला.

मात्र प्रमाण सांभाळावे. हिरव्या अंगाला लाल काठ शोभतो, कारण एक रंग मालक आणि दुसरा पाहुणा असतो. दोन्ही निम्मे-निम्मे घेतले तर डोळा ठरत नाही. आणि तेच दोन रंग बारीक चौकडीत किंवा ताण्या-बाण्यात मिसळले, तर लांबून मळकट तपकिरी दिसतात. भरतकाम आणि विणकाम करणाऱ्यांनी नमुना हातभर अंतरावरून पाहून भागणार नाही. दहा पावले मागे जाऊन पाहावा.

गादीवरची एक सवय

लागोपाठ आठ-दहा लाल साड्या दाखवल्या की डोळा थकतो आणि पुढची चांगली साडीही फिकी वाटते. अशा वेळी दोष मालाला नसतो. मध्ये एखादी थंड रंगाची घडी उघडावी, किंवा माल आवरून गादीची पांढरी चादर क्षणभर मोकळी ठेवावी. आपल्या जुन्या लोकांनी गादीवर पांढरी चादर घातली, तिचा हाही एक फायदा आहे.

आणि ताग्याला कात्री लावण्यापूर्वी गिऱ्हाइकाला दारापर्यंत नक्की न्यावे. त्याला दोन मिनिटे लागतात. माझे ११ तुकडे त्या दोन मिनिटांच्या आळसाने गेले.