माथ्यावरच्या रानाकडे नेणारी छोटी आगगाडी

मुंबई-पुणे लोहमार्गावरील नेरळ स्थानकात सुटीच्या दिवशी सकाळी आगगाडीच्या दोन निरनिराळ्या चाली पाहावयास मिळतात. मोठ्या फलाटावर उपनगरी गाडी क्षणभर थांबते व धडधडत कर्जतकडे निघून जाते. पलीकडे, माथेरानच्या छोट्या गाडीत, मुलाबाळांसह आलेली कुटुंबे जेवणाचे डबे मांडीवर घेऊन बसलेली असतात. या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट आहे. शेजारच्या मोठ्या मार्गावर तेच १,६७६ मिलिमीटर भरते.

ही रुंदी काटकसरीपोटी नव्हे, तर डोंगराच्या अंगलटीमुळे पत्करावी लागली. रूळ जितके जवळ, तितके वळण आखूड घेता येते व कडा कमी तोडावा लागतो. चढ काही ठिकाणी वीस मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. म्हणून गाडी सरळ वर न जाता घोड्याच्या नालेसारखी वळणे घेते. मघाशी उजवीकडे दिसलेली दरी थोड्या वेळाने डावीकडे येते, आणि खिडकीसाठी भांडणाऱ्या भावंडांचा तंटा आपोआप मिटतो! सुमारे एकवीस किलोमीटरच्या या मार्गास दोन तासांहून अधिक वेळ लागतो. तो वाया जातो असे केवळ घाईत असलेला मनुष्यच म्हणेल.

आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचे सोळा लाख रुपये खर्चून हा मार्ग उभारला. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज ही वाटेवरील स्थानके होत. वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली, त्यालाही आता चार दशके होऊन गेली. खालच्या उतारांवर पानझडीचे रान आहे; वर जावे तशी सावली दाट होते, माती तांबडी होते आणि जांभळीची झाडे दिसू लागतात. उन्हाळ्यात करवंदांच्या जाळ्या लगडलेल्या असतात. एका बाजूस पेबचा किल्ला बराच वेळ सोबत करतो.

डोंगर कोरून काढलेल्या या वाटेचा खरा वैरी पाऊस आहे. उतारावरून येणारे पाणी रुळांखालची खडी वाहून नेते आणि दरडी कोसळतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला व गाडी पुन्हा धावण्यास २००७ उजाडले. मे २०१६ मध्ये डबे घसरल्याने वाहतूक थांबली. संपूर्ण मार्ग जानेवारी २०१८ मध्ये खुला झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा रूळ वाहून गेले आणि दुरुस्तीनंतर २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळहून गाडी निघाली. याच कारणास्तव दरवर्षी जूनच्या मध्याच्या सुमारास नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवला जातो. वरच्या सपाटीवरील अमन लॉज ते माथेरान ही लहान फेरी मात्र पावसाळ्यातही चालू असते.

सडकेने आलेल्या पर्यटकांची मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, कारण पुढे खासगी वाहनांस मज्जाव आहे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. सुमारे आठशे मीटर उंचीवरील या गावात भोंगा ऐकू येतो तो बहुधा या गाडीचाच. नाक्यावरून गावात शिरणाऱ्यास अमन लॉजची फेरी मिळाली नाही, तर अनेकदा ओझे डोक्यावर घेऊन तांबड्या धुळीतून चालणे किंवा घोडा पाहणे आले. म्हणूनच मार्ग खचला की केवळ सहलीचा बेत बिघडत नाही. गावातील लहान दुकानदारांच्या गल्ल्यावरही त्याचा परिणाम दिसतो.

दुपारी पॅनोरमा पॉइंटकडे चालून आलेली मुले परतीच्या गाडीत पेंगू लागतात. उतरतानाही गाडी सावकाशच जाते. तीव्र उतारावर वेग आवरणे हे चढण्याइतकेच जोखमीचे काम असते. नेरळचे दिवे दिसू लागले तरी गाडी आणखी एक वळसा घेते, आणि ते दिवे पुन्हा डोंगराआड जातात.